पावातलं पुरण

पाव मोडला, तर आत चक्क लाल चवळीचं पुरण! वर खारवलेलं चेरीचं फूल! लेक कोबेच्या या बेकरीवाल्याच्या मुलाशी लग्न करणार म्हणून मी अमरावतीहून इथवर आले, ते हे बघायला?

"पुरण पोळीत भरतात, एवढंही ठाऊक नाही यांना?" मी भडकले.

लेकीने ते घाबरत जपानीत सांगितलं. म्हातारा बेकरीवाला लवून म्हणाला, "माझ्या आजोबांचा परदेशी पाव कुणी तोंडात घालेना. मग त्यांनी आमच्या लोकांच्या आवडीचं गोड सारण आत भरलं. तेव्हा कुठे खपू लागला."

मी आणखी एक घास घेतला आणि जास्तच तापले.

"वेलची नाही, जायफळ नाही! सांग यांना, लग्नातलं पुरण मी शिजवणार. पाव तेवढे त्यांनी भाजावेत."