मॉरीनमावशीचा सल्ला

या मायबाप, जरा जवळ सरकून बसा. इंग्लंडातल्या प्रेस्टन गावच्या मॉरीनमावशीची गोष्ट सांगते. दर आठवड्याला ही बाई वर्तमानपत्रातून सल्ले देऊन परक्यांचे संसार सांधायची. स्वतःच्या सासूला मात्र रविवारी जेवायला बोलावून साफ विसरली, तेव्हापासून घरात तीन दिवस अबोला. आज तर नवरा, क्लाइव्ह, बॅग भरून बहिणीकडे ब्लॅकपूलला निघाला. त्याला थांबवावं म्हणून मॉरीनचा जीव तुटत होता. पण आधी मी का बोलू, म्हणून ती टोस्टला लोणी फासत राहिली.

कोट चढवून क्लाइव्हनं दारातच पेपर उघडला आणि मोठ्यानं वाचू लागला, “मॉरीनमावशी म्हणतात, अबोला नेहमी नवऱ्यानंच मोडावा.”

“खोटारड्या!” मॉरीन कडाडली. “ज्याचा दुसऱ्यावर जीव जास्त, त्यानं आधी बोलावं, असं लिहिलंय मी!”

क्लाइव्हनं बॅग खाली ठेवली. “मी तर नुसता पेपर वाचत होतो, राणी. आधी बोललीस तू.”

देव दोघांना सुखी ठेवो. तुमच्या घरी अबोला शिरलाच, तर मुद्दाम चुकीचं वाचणाऱ्या त्या क्लाइव्हची तेवढी आठवण ठेवा.