एकोणिसावी टाकी

“उसको हाथ मत लगाना,” हैदराबादचे साहेब म्हणाले. “मेरे दादा की गाडी है. उन्नीस सौ अडतीस की.”

वामनरावांचा हात हवेतच राहिला. साहेब सांगत होते ती मोटारसायकल दोन वर्षांपूर्वी, नव्वद साली, वामनरावांच्या याच शेडमध्ये तयार झाली होती. गुडीहत्नूरला, हैदराबाद-नागपूर हायवेच्या कडेला. साहेबांनी स्वतः येऊन ती करायला सांगितली होती, स्वतःच घेऊन गेले होते. आज तीच गाडी टेम्पोत घालून ते नागपूरला निघाले होते. सोबत गिऱ्हाईक होते, नागपूरचे एक म्हातारे डॉक्टर. वाटेत टाकी गळू लागली. डॉक्टरांना रस्त्यावर वामनरावांची मोटारसायकलींची पाटी दिसली आणि त्यांनी हट्टाने टेम्पो थांबवला. साहेबांना नाही म्हणता आले नाही.

“दादाची?” वामनराव ओरडले. “काऊन खोटं बोलून राह्यले, साहेब? डॉक्टरसाहेब, ही माझी एकोणिसावी गाडी हाय. ही टाकी या हातांनी ठोकली मी. या!” त्यांनी दोन्ही तळहात पुढे केले.

शेडमधल्या गोणपाटाच्या पडद्यामागे चाललेली ठोकठोक थांबली.

वामनराव मूळचे भैंसा गावच्या कापसाच्या जिनिंगमधले फिटर. चांगली नोकरी सोडून त्यांनी हे वेड घेतले होते. इंजिन आजचे, पण गाडी आजोबांच्या काळातली: स्प्रिंगवरची चामडी सीट, रबरी भोंगा, आणि पाण्याच्या थेंबासारखी टाकी. गाव हसायचे. “लोक जुन्याचं नवं करतेत, हा नव्याचं जुनं करून राह्यला.” पण टाकी पाहिली की हसणाराही तिच्यावरून हात फिरवायचा. मग वामनराव आपले तळहात दाखवायचे.

टाक्या ठोकायची ती शेडवर कामाला असलेली पंचफुला. पहिलीपासून सगळ्या. तिचा बाप भैंशाच्या बाजारात पत्र्याच्या पेट्या करायचा आणि लोकांच्या भांड्यांवर नावे घालायचा. दोन्ही कामे ती त्याच्या मांडीजवळ बसून शिकली. सरकीने गच्च भरलेल्या पोत्यावर पत्रा ठेवून ती लाकडी हातोड्याने ठोकत राही. रेतीच्या पोत्याने पत्रा ओरबाडतो, सरकीने गोल येतो, ही युक्ती तिचीच. तिने जुळवून दिलेले टाकीचे दोन भाग बाहेरून सांधायचे, तेवढे काम वामनरावांचे. पाहुणे आले की मात्र पडदा ओढला जाई.

पहिली टाकी झाली तेव्हा तिने विचारले होते, “भाऊ, बारीकसं नाव घालू का कुठं?”

“गाडी म्हणजे काय तुयं पातेलं हाय?” वामनराव म्हणाले होते. सगळी शेड हसली होती. पंचफुला हसली नव्हती. त्याला आता बारा वर्षे झाली.

“तुमची म्हणता,” डॉक्टर वामनरावांना म्हणाले, “तर कुठं काही खूण ठेवली आहे का? नाव? साल?”

वामनरावांनी हात खाली घेतले. नाव घालायचे नाही, हा नियम त्यांचाच होता.

“देखा डॉक्टरसाब?” साहेब हसले. “बुड्ढा सठिया गया है. चलिए.”

वामनरावांनी टेम्पोची वाट अडवली. डोळ्यांत पाणी आले. “दुसऱ्याच्या हातचं काम आपलं म्हणून सांगतेत! चार माणसात! लाज नाई वाटत?”

“खरं हाय, भाऊ,” मागून आवाज आला. पंचफुला पडदा सारून बाहेर आली होती. लुगड्याला सरकीचा भुगा, हातात लाकडी हातोडा. “लय लाज वाटाले पायजे.”

वामनरावांनी तिच्याकडे पाहिले. तिने नजर हलवली नाही.

“टाकी कापा,” ती म्हणाली. “आतून नाव हाय.”

“खबरदार!” साहेब मध्ये आले. “दादा की निशानी है!”

“टाकी गळतेच आहे. उघडावी लागणारच,” डॉक्टर म्हणाले. “कापा. यांच्या आजोबांचं नाव निघालं, तर गाडी मी घेतो.”

“अन् मोडली तं मी दुसरी ठोकून देईन,” पंचफुला म्हणाली. “मले काय, सवय हाय.”

वामनरावांनी टाकी उतरवली. पेट्रोल काढले, सोड्याच्या पाण्याने तीनदा खळखळून धुतली, आणि छिन्नीने सांध्यावर कापत गेले. त्यांचा चेहरा उजळला होता. नाव कोणी घातले, कधी घातले, हे विचारायचेही त्यांना सुचले नाही. शेड त्यांची, पाटी त्यांची. नाव दुसऱ्या कुणाचे असणार?

पत्रा उचकटला. वामनराव खाली वाकले. आतल्या बाजूला, लग्नातल्या भांड्यावर असतात तशी, टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरे होती. त्यांनी ती वाचली आणि त्यांचा अंगठा आपोआप अक्षरांवर गेला.

“काय आहे?” टेम्पोजवळून डॉक्टरांनी विचारले. “मोठ्यानं वाचा ना. माझा चष्मा गाडीत राहिला.”

साहेबांना मराठी वाचता येत नव्हते. डॉक्टरांना तिथून दिसत नव्हते. काय वाचायचे ते वामनरावांच्या हातात होते. पंचफुला त्यांच्या अंगठ्याकडे पाहत होती.

हायवेवरून दोन ट्रक गेले. मग वामनरावांनी अंगठा काढला.

“सौ. पंचफुला मोतीराम,” ते मोठ्याने वाचू लागले. “मुक्काम गुडीहत्नूर. नागपंचमी, एकोणीसशे नव्वद.” खाली आणखी एक ओळ होती. तीही त्यांनी वाचली.

“माझ्या हातची एकोणिसावी.”