पिवळ्या रेघा

"साइट अजून आली नाही म्हणतोस. मग हे काय आहे?"

ऑर्लिनने काउंटरमागच्या फळीवरची छोटी पुडी उचलून बर्डेटच्या नाकासमोर धरली. पुडीवर ऑर्लिनचंच नाव होतं. आत पिस्तुलाची नवी साइट होती: टोकावर बसणारा बारीक खुंट आणि मागे बसणारा खाचेचा तुकडा. त्या खाचेतून खुंटाकडे बघून नेम धरायचा. पुडीवर धूळ साचली होती.

बर्डेटने फडक्याला हात पुसले. गावातल्या बंदुका दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. ऑर्लिनशी त्याची मैत्री त्याहून जुनी होती.

"आली होती," तो म्हणाला. "नाताळाच्या आधीच."

"आणि आता मार्च संपत आला! एप्रिलमध्ये नेमबाजी क्लबची पहिली स्पर्धा आहे. माझं पिस्तूल दाबून ठेवून तू मला थापा मारतोस?"

"आधी कॉफी घे."

"खड्ड्यात गेली तुझी कॉफी."

ऑर्लिनला जास्त राग स्वतःचाच आला होता. साइट बदलायला कारागीर शोधणं म्हणजे बुटाची नाडी बांधायला नोकर ठेवणं, असं तो काउंटीच्या शिकारी-वर्गात दर वर्षी सांगायचा. पोरं हसायची. बर्डेट चिडवायचा, "अरे, तुझ्या त्या वर्गापायी माझं दुकान बुडेल एक दिवस." अर्धं गाव ऑर्लिनकडून ते काम शिकलं होतं. आणि त्याने स्वतः मात्र, बोटं आखडतात म्हणून, आपलं पिस्तूल याच्या हवाली केलं होतं. ठेवून जा, मी बसवतो, असं बर्डेटच म्हणाला होता. हे ऑर्लिनला पक्कं आठवत होतं.

"सिग्नेने सांगितलंय तुला," तो एकदम म्हणाला. सिग्ने त्याची मुलगी. नवऱ्याला सोडून, लहानग्या पोरीला घेऊन ती त्याच्याच घरी राहायला आली होती. "ट्रकची किल्ली तिने आधीच लपवली. चिखल तुडवत चालत आलोय मी. आता पिस्तूलही नको बापाच्या हातात! माझ्या पाठीमागे दोघांनी मिळून ठरवलंत."

"सिग्ने मला काही बोलली नाही."

"मग आण माझं पिस्तूल. तुझी मेहरबानी नको. मी बसवतो साइट. इथेच, तुझ्या डोळ्यांसमोर."

बर्डेट आत गेला, तिजोरी उघडली आणि पिस्तुलाचा फक्त वरचा पोलादी भाग घेऊन आला. नळी नाही, गोळी नाही. तो त्याने टेबलावरच्या व्हाइसच्या जबड्यात आवळला आणि शेजारी पंच, म्हणजे साइटवर टेकवून ठोकायची पितळेची कांडी, आणि हातोडी ठेवली.

ऑर्लिन चष्मा सावरून वाकला, आणि तसाच थिजला.

जुन्या साइटच्या उजव्या अंगाला पिवळ्या रेघा होत्या. पितळ पोलादापेक्षा मऊ असतं. पंच घसरला तर पोलादावर ओरखडा उठत नाही; पितळच झिजतं आणि मागे रेघ सोडतं. इथे रेघांवर रेघा चढल्या होत्या. साइटची कड ठोकून ठोकून पिवळी झाली होती.

"कुठल्या गाढवाने हात लावला याला?" त्याचा आवाज चिरकला. "उजवीकडून ठोकलंय! काढताना डावीकडून उजवीकडे, बसवताना उजवीकडून डावीकडे. शेंबडं पोरही सांगेल. माझ्या बापाचं पिस्तूल आहे हे, बर्डेट. मी विश्वासाने तुझ्याकडे ठेवलं, आणि तू ते कुणाला तरी हात साफ करायला दिलंस?"

बर्डेटने हातोडी त्याच्याकडे सरकवली.

"नालायक माणूस आहेस. सरक बाजूला. आणि नीट बघ कसं करतात ते."

ऑर्लिनने पंच टेकवला. हात अगदी स्थिर होता. इतक्या रागातही त्याला बरं वाटलं. त्याने ठोका दिला. साइट हलली नाही. त्याने जोरात ठोका दिला, मग आणखी जोरात. पंच घसरला.

त्याने पंच बाजूला घेतला. पोलादावर एक ताजी पिवळी रेघ उमटली होती. बाकीच्या रेघांना लागून, तेवढीच लांब, तशीच तिरकी.

तो वाकून बघतच राहिला. हातोडी त्याने कधी खाली ठेवली ते त्याला कळलं नाही.

"मी याआधी कधी आलो होतो का रे?"

"दर शनिवारी येतोस."

"आणि तू देत नाहीस."

"नाही देत."

"का?" राग अजून आवाजातच होता, त्याला जायला जागा सापडत नव्हती. "सिग्ने बोलली नाही, मग कोणी सांगितलं तुला?"

बर्डेटने व्हाइस सैल केला.

"ऑक्टोबरात डॉक्टरकडून निघालास तो घरी गेलाच नाहीस, सरळ इथे आलास. ट्रकमधलं पिस्तूल काढून या काउंटरवर ठेवलंस. म्हणालास, घरात नात आहे. मी मागायला आलो की मला साइट काढायला लाव. डावीकडून ठोकली तर दे. उजवीकडून ठोकली, तर मी तुला कितीही नालायक म्हटलं तरी देऊ नकोस."