काळे अंगठे

दहशतवाद्यांनी प्रचारसभेत बॉम्ब फोडून आमच्या भागातला उमेदवार शेरबाज खान याला मारलं, तेव्हा त्याची बायको निवडणुकीला उभी राहिली. पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यातल्या आमच्या गावात मशिदीवर चिठ्ठी लागली: ज्या बाईच्या अंगठ्याला मतदानाची शाई दिसेल, तिचा अंगठा कापू. सून मला म्हणाली, “अदे, आई गं, मग पीठ कसं मळू?” मी म्हटलं, “आधी अक्रोड सोल.” हिरव्या सालीनं बोटं काळी पडतात, डाग महिनाभर जात नाही. मतदानाआधी साऱ्या बायकांनी अक्रोड सोलले. मत देऊन वीस जणी परतलो, तर गावच्याच एका बंदूकवाल्यानं वाट अडवली. “अंगठे दाखवा!” शाई कुठली, साल कुठली, त्याला कळेना. मी म्हटलं, “काप, बाळा. सुरुवात तुझ्या आईपासून कर, तिचाही काळाच आहे.” बायका खदखदून हसल्या. तेवढ्यात त्याची आईच चादर सावरत शेजारच्या घरातून बाहेर आली: “सरक रे, माझं मत राहिलंय, पाचला मतदान बंद होतं.”