गांधीलमाश्यांचा उपवास

शाल्मलीने काचेची पेटी ओटीवर ठेवली. नव्या कायद्याने प्रत्येक देशी किड्याला गावातला एक पालक होता. सोनकिड्याच्या पालक अनसूयाकाकू.

"या माश्या वेलांवर सोडायला तुमचा अंगठा हवा, काकू. परक्या किड्याने रताळ्याच्या वेलांची चाळण केलीय. या इवल्या गांधीलमाश्या त्याच्याच अंड्यांत आपली अंडी घालून त्याला संपवतात. आपल्या सोनकिड्याच्या अंड्यांना दिवसभर शिवल्या नाहीत."

"त्याआधी काय दिलं होतंस त्यांना?"

"परक्याचीच अंडी. अंडी घालायला तडफडत होत्या हो बिचाऱ्या."

"अगं वेडे, फराळ करून बसलेल्याचा उपवास कसा मोजायचा?"

शाल्मली ओशाळली. तिने नव्या माश्या आणल्या आणि पेटीत चार दिवस फक्त सोनकिड्याची अंडी ठेवली. काकूही चार दिवस दुधावर राहिल्या. "त्यांना एकट्यांना कसं उपाशी ठेवू?" म्हणाल्या.

पहिले तीन दिवस एकही माशी अंड्यांकडे फिरकली नाही. चौथ्या संध्याकाळी एक सरळ त्यांवर चढली. शाल्मलीने काकूंचा हात घट्ट धरला. माशीने मिशांनी चाचपलं आणि उतरून काचेशी जाऊन बसली.

शाल्मलीने पुढे केलेल्या संमतीच्या यंत्रावर काकूंनी अंगठा टेकवला.

"जा, वेलावर सोड यांना. आधी यांचं पारणं होऊ दे, मग माझं पान वाढ."