गाडीचं नवं युनिट

गाडीचं बिघडलेलं कंट्रोल युनिट यशोधनने घरीच बदललं, आणि तो स्वतःवर बेहद्द खूश होता. त्याच्या अंध वडिलांना, अण्णांना, व्यायामोपचारासाठी ही चालकाविना चालणारी, बोलणारी गाडीच एकटी नेऊन आणायची.

अण्णा आत बसले. "चल गं," म्हणाले.

"नमस्कार. आपण कोण?" गाडीने विचारलं.

अण्णांचा चेहरा उतरला. "रागावली का रे ही? रोज आधी गुडघ्याची चौकशी करायची."

जुन्या युनिटमधल्या आठवणी उतरवून घ्यायचं यशोधनला सुचलंच नव्हतं. ते तर भंगारातही गेलं होतं.

"ही नवीन आहे, अण्णा. मी सांगतो तिला सगळं." तो गाडीकडे वळला. "यांचा गुडघा दुखतो."

"कोणता?" गाडीने विचारलं.

शरमेने मान खाली घालून यशोधनने अण्णांनाच विचारलं.