सीताफळाच्या जागी

पद्मजाच्या छोट्याशा तैलचित्राला कोल्हापुरातल्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. असं काही घडलेलंच नाही, असं तिच्या सासऱ्यांनी घरात जाहीर केलंय.

तिला काढायची होती पितळी ताटलीतली सीताफळं. पण ती रंग कालवेपर्यंत सासरे सयाजीराव रोज ती फस्त करायचे आणि वर म्हणायचे, "सूनबाई, चित्रातल्या फळानं पोट भरतंय व्हय?" हेच सयाजीराव तालमीच्या कट्ट्यावर सांगायचे, "सत्तरी आली, पर ऊस अजून दातानंच सोलतोय की!"

एका दुपारी सीताफळं खाऊन ते तिथंच खुर्चीत घोरू लागले. पद्मजा भांडली नाही. समोर असेल तेच रंगवायचं, हा नियम तिनं मन लावून पाळला. ताटलीत बिया होत्या, सालं होती आणि बिया अडकतात म्हणून काढून ठेवलेली, सोन्याच्या दाताची कवळी होती.

प्रदर्शनाला अख्खी तालीम लोटली. सोन्याचा दात सगळ्यांनी लांबूनच ओळखला.

दुसऱ्या दिवशी आयोजकांकडे सयाजीरावांचा अर्ज आला :



"सदर चित्रातील कवळी माझी नाही. तरी ती मला तात्काळ परत मिळावी, ही नम्र विनंती."